पाटीवरचा जावई

आमच्या साडूंइतका विचार करून निर्णय घेणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नाही, आणि इतका विचार करून इतके चुकीचे निर्णय घेणाराही झाला नाही. हे मी रागानं म्हणत नाही. त्यांच्या बायकोची धाकटी बहीण माझ्या घरात असल्यामुळे रागानं म्हणायची सोयच नाही. पूर्णा जंक्शनच्या पार्सल ऑफिसात आयुष्य काढलेल्या या गृहस्थांनी घर, रेडिओ, मुलीचं नाव आणि स्वतःचं लग्न या सगळ्या गोष्टी बसल्या बैठकीत उरकल्या होत्या, असं त्यांची बायको, म्हणजे आमची अक्का, अजून सांगते. त्यांचा सगळा विचार दुसरीकडे खर्च व्हायचा. येत्या रविवारी अकरा जणांत कुणाला घ्यायचं आणि कुणाला बाकावर बसवायचं, एवढ्या एका गोष्टीवर. बरं, ज्यांच्याविषयी हा विचार चालायचा त्यांतला एकही जण त्यांच्या हुकमातला नव्हता, कारण साडूंची टीम मैदानावर नव्हतीच. ती शेषरावच्या हॉटेलातल्या पाटीवर होती.

हा काय प्रकार होता ते सांगायला हवं. पूर्णेला रेल्वेच्या मैदानावर पावसाळाभर दर रविवारी फुटबॉलचे सामने व्हायचे. लोको शेडची एक टीम, स्टेशनवाल्यांची एक, डबे दुरुस्त करणाऱ्या कॅरेजवाल्यांची एक आणि गावातल्या पोरांची एक. पावसाळ्यात आमच्याकडच्या काळ्या मातीत फुटबॉल खेळणं म्हणजे काय, हे जो त्या मातीतून एकदा चालला आहे त्याला सांगायला नको. खेळ रंगात यायच्या आत बुटाला इतका चिखल धरायचा की खेळाडू पाय उचलताना दिसायचे, पळताना दिसायचे नाहीत. या सामन्यांवर चौघांनी मिळून एक खेळ काढला होता. साडू, रिटायर झालेले एक गार्डसाहेब, हॉटेलवाला शेषराव, आणि चौथ्या भिडूची बदली झाल्यामुळे त्याच्या जागी मी. मी परभणीला कचेरीत. रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं पिंगळी, मिरखेल करत पूर्णेला जावं, अक्काच्या हातचं जेवावं आणि दिवेलागणीच्या गाडीनं परत यावं, एवढाच माझा हेतू होता. पण साडूंनी मला एकदा हॉटेलात नेलं आणि माझा हेतू तिथंच संपला.

आखाड लागला की चारी टीमांतले खेळाडू आम्ही चौघं आपसांत वाटून घ्यायचो. भाऊ-भाऊ शेत वाटून घेतात तशी ही वाटणी व्हायची, चिठ्ठ्या टाकून आणि तितकीच कटकट करून. जो ज्याच्या वाट्याला आला तो दसऱ्यापर्यंत त्याचा. मग दर रविवारी आपल्या वाट्यातले अकरा निवडून पाटीवर लिहायचे, त्यांतल्या एकाला मुकादम नेमायचं आणि उरलेल्यांची नावं खाली रेघ मारून ‘बाकावर’ म्हणून लिहायची. अकरांतल्या कुणी मैदानात गोल केला की आपल्याला गुण, मागं खेळणाऱ्यांना गोल न खाल्ल्याचे गुण, आणि मुकादमाचं सगळं दुप्पट. बाकावरच्यानं मैदानात कितीही पराक्रम केला तरी आपल्या पदरात काही नाही. दसऱ्याला ज्याचे गुण जास्त, त्यानं वर्षभर हॉटेलातल्या हाताच्या खुर्चीवर बसायचं. तशी खुर्ची हॉटेलात एकच होती. बाकी सगळे फळीवर. गार्डसाहेब त्या खुर्चीवर इतकी वर्षं बसले होते की ते घरी गेल्यावरही तिथं कुणी टेकत नसे. साडूंना आयुष्यात एकदा त्या खुर्चीत बसून चहा प्यायचा होता. प्रमोशनसाठी त्यांनी कधी अर्ज केल्याचं मला आठवत नाही.

मी माझे अकरा दसऱ्यापर्यंत बदलत नसे. पहिल्या रविवारी लिहिले तेच शेवटच्या रविवारी. तरी बहुतेक वर्षी मी साडूंच्या पुढं असे, आणि याबद्दल त्यांना माझा राग नव्हता, कीव होती. त्यांचं काम सोमवारीच सुरू व्हायचं. सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरला चहा पाजून ते खोकल्याचं औषध कुणी नेलं याची चौकशी करायचे. कुणाची रात्रपाळी आहे, कुणाचा सोमवारचा उपास आहे, कुणाच्या घरी पाहुणे उतरलेत, गावाकडं कुणाचं कोळपं चालू आहे, सगळं त्यांना ठाऊक असे. आणि त्यांची एक विचित्र सवय होती. ते माणसाच्या तोंडाकडं बघत नसत, पायांकडं बघत. पार्सल ऑफिसच्या खिडकीत बसून प्लॅटफॉर्मवरून जाणारे पाय बघत राहायचे आणि मान वर न करता सांगायचे की हा गावच्या टीमचा सेंटर गेला, चप्पल चावायली याला. रविवार उजाडला की खडू हातात घेऊन ते पाटीसमोर उभे राहत. एक नाव लिहीत, पुसत, पुन्हा तेच लिहीत. खडूच्या धुळीनं त्यांचा सदरा पांढरा होई आणि शेषराव चहा झाकून ठेवी. गार्डसाहेब खुर्चीतून विचारत, “बाबूजी, टीम बनारे क्या रिश्ता देखरे?”

एकदा शनिवारी गावच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड जवळच्या एका दर्ग्याला कंदुरीच्या, म्हणजे नवसाच्या बकऱ्याच्या, जेवणाला गेला. साडू माळकरी. तरी ते गेले, पंगतीत त्याच्या समोर बसले, मीठ-भाकरी खाल्ली आणि तो काय खातो ते बघत राहिले. त्यानं तिसऱ्यांदा रस्सा मागितला तेव्हा ते उठले, पूर्णेला आले आणि त्याला बाकावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या गड्यानं एकट्यानं सामना मारला. संध्याकाळी घरी साडूंनी सगळा हिशोब पुन्हा मांडला. मग म्हणाले, “रस्सा पातळ होता. ते माझ्या ध्यानात आलं न्हाई.” दुसऱ्या एका रविवारी त्यांनी सगळा हिशोब करून इंजिनात कोळसा टाकणाऱ्या एका फायरमनला मुकादम केलं. फायरमन तब्येतीनं उत्तम होता, पोट हलकं होतं, झोपही झाली होती. फक्त त्याची गाडी मिरखेलला सिग्नलला उभी राहिली. संध्याकाळभर त्या मुकादमाचं मैदानात पाऊल पडलं नाही. साडू स्टेशनमास्तरांकडं जाऊन सिग्नलविषयी बोलले आणि पार्सलच्या माणसानं यात का पडावं हे स्टेशनमास्तरांना शेवटपर्यंत समजलं नाही.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज मोर्चा, उद्या बंद, परवा एसट्या डेपोतच. काही गावांत जे झालं ते आठवलं की अजून मान खाली जाते. पूर्णेतही माणसं हॉटेलात कोण कुठं बसलंय ते बघून बसायला लागली होती. अशात एका आखाडात भीमनगरचा गोलकीपर साडूंच्या वाट्याला आला. एका ओळखीच्या माणसानं पाटीजवळ येऊन त्यांना हळूच सुचवलं की सध्या हवा बरी नाही, तेव्हा हे नाव जरा काही दिवस खाली ठेवा. साडूंनी खडू थांबवला आणि विचारलं, “मागच्या ऐतवारी त्यानं गोल खाल्ला का?” तो म्हणाला, नाही. “मग हवेचं काय सांगायलाव,” असं म्हणून त्यांनी ते नाव सगळ्यांत वर लिहिलं. या एका निवडीत मात्र ते कधी चुकले नाहीत. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि तसं मी त्यांना सांगितलं. त्यांना वाटलं मी गोलकीपरविषयी बोलतोय.

त्यांची मुलगी सुमन लग्नाची झाली तेव्हा नातेवाइकांनी नांदेडपासून जिंतूरपर्यंतची स्थळं आणली. कुणाची जमीन, कुणाचं दुकान, कुणी मास्तर. साडू ऐकून घेत. एके दिवशी जेवताना त्यांनी अक्काला सांगितलं की मुलगा पाहिलाय. अक्कानं विचारलं, कधी? ते म्हणाले, दोन पावसाळे झाले बघायलोय. “लोकोचा लेफ्ट बॅक हाय. फायरमन. जागा सोडत न्हाई. पुढं पळून मोठेपणा करत न्हाई. चुकला तर दुसऱ्याकडं बोट दाखवत न्हाई. पोरीला आणिक काय पाहिजे?” अक्काला लेफ्ट बॅक म्हणजे कोणती पोस्ट ते कळलं नाही, पण रेल्वेतली आहे म्हटल्यावर तिनं हरकत घेतली नाही. पत्रिका जुळली. लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणत असताना सगळे अक्षता टाकत होते आणि साडू अंतरपाटाच्या खालून जावयाचे पाय बघत होते. गार्डसाहेबांची जुनी थट्टा खरी झाली होती.

सुमनचं सासर लोको कॉलनीत, म्हणजे रुळांच्या पलीकडं. दोन घरांच्या मध्ये फक्त स्टेशनचा पूल. रोज संध्याकाळी ती पूल ओलांडून आईकडं यायची, घटकाभर बसायची आणि जावयाच्या गाडीची वेळ झाली की परत जायची. जावई पाटीवर कायम अकरांत. रविवारी सकाळी ते शेडमधल्या दोस्तांना घेऊन हॉटेलात येत, चहा मागवत आणि पाटीवर आपलं नाव वाचून मगच बशीत ओतत. साडूंची अडचण घरात होती. अक्का जावयाला जेवायला बोलावून पोळीवर तूप ओतायची आणि साडू तिला माजघरात जाऊन सांगायचे की शनिवारी तरी तूप बेतानं वाढ. हे एकदा जावयाच्या कानावर गेलं. सासरा पोरीच्या नवऱ्याच्या ताटातलं तूप मोजतो असा त्यांचा समज झाला आणि तो काही अगदीच गैरसमज नव्हता.

मग त्या वर्षी अधिक श्रावण आला. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना, म्हणजे जावयाचा धोंडा. त्याला बोलवायचं, वाण द्यायचं, अनारसे करायचे, देवाच्या खालोखाल मान द्यायचा. अक्कानं आधीपासून तांदूळ भिजवायची तयारी चालवली होती. शिवाय सुमनला दिवस गेले होते, आणि आईच्या हातचं काहीतरी खावं असं वाटायचे तिचे दिवस होते. त्या महिन्यातल्या पहिल्याच रविवारी साडूंनी पाटीवर अकरा नावं लिहिली, रेघ मारली आणि रेघेच्या खाली जावयाचं नाव लिहिलं.

हॉटेलातल्या सगळ्यांनी पाटी वाचली. मग लोकोचा कुणीतरी म्हणाला की धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यानं जावई बाकावर बसवला, हे पूर्णेत तरी पहिल्यांदाच. सगळे हसले. जावयानं कप अर्धा तसाच ठेवला आणि ते निघून गेले. त्या संध्याकाळी सुमन आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मग निरोप आला की यंदा धोंड्याचं बघू नका, यायला जमणार नाही. जिथं बाकावर बसवतात तिथं पाटावर कशाला बसवता, असंही त्यांनी निरोप्याला सांगितलं होतं, पण तो शहाणा असल्यानं त्यानं ते अक्काला न सांगता मला सांगितलं.

अक्का साडूंशी बोलायची बंद झाली. ताट वेळेवर वाढायची, पण भाकरी ज्या तऱ्हेनं ताटात पडायची त्यात सगळं आलं. ती संध्याकाळ झाली की दारात उभी राहून पुलाकडं बघायची. पुलावर माणसं असायची, सुमन नसायची. मी पुढच्या रविवारी गेलो तेव्हा अक्कानं मला सांगितलं, “भाऊजी, त्यांला विचारा, पोरगी पाहिजे का ती पाटी पाहिजे.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगतो, मलाही त्यांचा संताप आला होता. एका खुर्चीसाठी माणसानं किती खालच्या थराला जावं याला काही सुमार असतो, असं काहीसं बोलायचं मी मनात जुळवून ठेवलं आणि त्यांना शोधायला निघालो.

साडू पुलावर उभे होते. कठड्यावर कोपर टेकून खाली शेडमधून निघणाऱ्या इंजिनाकडं बघत होते. मी जुळवलेलं सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि खाली बोट दाखवलं. जावई इंजिनवर चढत होते. “बघा. उजवा पाय आधी टाकला का न्हाई? लग्नाच्या आधीपासून मी त्यांला बघायलोय, डावाच पाय आधी टाकायचे. डावा गुडघा गेलाय, पावणं. लय दुखत असंल. कुणाला सांगंनात.” मी म्हटलं, दादा, मग हॉटेलात तसं सांगून टाका, म्हणजे बाकावर का बसवलं ते सगळ्यांना कळेल. ते म्हणाले, लोकोचा फोरमन रोज तिथं चहाला येतो. मी ‘गुडघा’ म्हणायचा अवकाश, उद्या जावई मेडिकलला, आणि मेडिकलात नापास झाले की इंजिनवरून खाली. मी म्हटलं, निदान जावयाला तरी सांगा. त्यावर ते जरा घुटमळले. “त्यांला वाटंल मी पाळत ठेवायलोय.” मी म्हटलं, ठेवताच की. “ठेवतो. पण तसं वाटू द्यायचं न्हाई.”

मग मी व्यवहाराचं बोललो. पाटीवर नाव लिहिल्यानं कुणाचा गुडघा दुखत नाही, तेव्हा घ्या त्यांना अकरांत आणि मिटवा. साडूंनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती दर रविवारी तेच अकरा लिहिणाऱ्या माणसासाठी त्यांनी राखून ठेवलेली होती. त्यांचं म्हणणं असं, की पाटीवर नाव असलं की जावई सासऱ्याच्या गुणांसाठी जिवाच्या आकांतानं पळतात. बाकावर ठेवलं की पळून उपयोग नाही, म्हणून बेतानं खेळतील. त्यासाठीच त्यांनी त्यांना खाली लिहिलं होतं. विचार मोठा बारीक होता. फक्त त्यात एक गोष्ट राहून गेली होती, की बाकावर बसवलेला जावई चिडतो. पाटीवर नाव खाली गेलं त्याच संध्याकाळी, ज्या माणसानं जन्मात कधी आपली जागा सोडली नव्हती तो लेफ्ट बॅक चिखल तुडवत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि गोल करून आला. येताना त्यानं साडूंकडं बघितलं. साडू गुडघ्याकडं बघत होते.

अधिक महिन्याचा शेवटचा रविवार आला. अक्कानं अनारशाचं पीठ काढून ठेवलं होतं, पण कढई चढवली नव्हती. साडू सकाळी पाटीसमोर उभे राहिले ते दुपारपर्यंत. आदल्याच आठवड्यात, बहुधा आमच्या सगळ्यांच्या चुकीमुळे, त्यांचे आणि गार्डसाहेबांचे गुण बरोबरीला आले होते. शेवटी त्यांनी जावयाचं नाव वर लिहिलं आणि त्याच्यापुढं ‘मुकादम’ असं लिहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाले की रुसवा गेला म्हणजे राग जाईल, आणि राग गेला म्हणजे बेतानं खेळतील. मी त्यांना काही सांगायच्या आत लोकोची मंडळी आली, पाटी वाचली, आणि सासऱ्यानं धोंड्याचं वाण पाटीवरच दिलं म्हणून असा हशा पिकला की भजी तळणारा बाहेर आला.  बूट बांधताना मी जावयाचं तोंड पाहिलं. जावई म्हणून मिळालेलं मुकादमपण खेळाडू म्हणून कमावून दाखवायचं, असं ते तोंड होतं.

सामना सुरू झाला आणि पहिल्याच धावेला साडूंना आपली चूक कळली. जावई यापूर्वी कधी पळाले नव्हते असे पळत होते. साडू चुन्याच्या रेघेवर गेले. चेंडू जावयाच्या बाजूला आला की ते हात हलवून ओरडायचे, “सोडा. जाऊ द्या तो. सोडा.” मैदानाभोवतीच्या लोकांना आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. आपल्या मुकादमाला चेंडू सोडून द्या म्हणून सांगणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. गार्डसाहेबांच्या वाट्याचा फॉरवर्ड जावयाच्या अंगावरून निघाला तेव्हा साडू रेघ ओलांडून आत गेले, चिखलात घोट्यापर्यंत, आणि दोन्ही हात वर करून त्यांनी जावयाला थांबवलं. रेफ्रीनं शिट्टी वाजवायची की नाही हे ठरवेपर्यंत फॉरवर्ड गोल करून मोकळा झाला. साडूंचे दुप्पट गुण गेले, गार्डसाहेबांचे वाढले. गार्डसाहेब छत्रीखाली उभे होते. ते हसले नाहीत, मला एवढंच म्हणाले की काहीतरी बात आहे.

हाफ टाइमला जावई तरातरा साडूंपुढं येऊन उभे राहिले. मी बाजूलाच होतो. “मामा, काय मांडलंय हे? आधी बाकावर बसवलंव, आता अडवायलाव. आपला माणूस हाय का न्हाई मी?” साडूंनी इकडंतिकडं बघितलं. फोरमन लांब होता. मग ते जावयाच्या कानाशी वाकले आणि एकच शब्द बोलले, “गुडघा.”

जावयाचा आवाज एकदम उतरला. कुणी सांगितलं म्हणून त्यांनी विचारलं, सुमनलाही ठाऊक न्हाई म्हणाले. साडू खाली त्यांच्या चिखलानं भरलेल्या पायांकडं बघत म्हणाले, “कुणी न्हाई सांगितलं. आखाडापासून इंजिनवर उजवा पाय आधी टाकायलाव. मी रोज पुलावर असतो.” एवढं बोलून त्यांना फार बोलल्यासारखं झालं असावं, कारण त्यांनी लगेच खांद्यावरचा पंचा काढून जावयाच्या हातात दिला. जावयानं तो घेतला, पण तोंड पुसलं नाही.  मग त्यांनी लोकोच्या कप्तानाला पोटात मुरडा आलाय म्हणून सांगितलं आणि ते साडूंच्या शेजारी एका पालथ्या घमेल्यावर येऊन बसले. दुसरा हाफ दोघांनी मिळून पाहिला.  दोघंही पळणाऱ्यांचे पाय बघत होते.

त्या संध्याकाळी माझी गाडी मी मुद्दाम चुकवली. अक्का दारात उभी होती आणि पुलाच्या पायऱ्या उतरून सुमन येताना दिसली, जपून, एका हातानं कठडा धरून. तिच्या मागं जावई, तेही जपून, दुसऱ्या हातानं कठडा धरून. अक्कानं आत जाऊन कढई चढवली. जावयाला पाटावर बसवलं, वाण दिलं, अनारसे वाढले. अक्का तुपाची वाटी घेऊन आली आणि सवयीनं साडूंकडं बघून थांबली. साडू म्हणाले, “वाढ.” सुमन हसली. आमच्या घराण्यात एवढ्या कमी बोलण्यात एवढं मोठं भांडण मिटल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पुढं कित्येक आठवडे साडू आणि जावई सुट्टीच्या दिवशी येलदरीला मासे आणायला म्हणून जात. येलदरीच्या अलीकडं एका गावात हाडवैद्य होता, हे मला ठाऊक होतं. फोरमनला ठाऊक नव्हतं. गळ्यात माळ घातलेला माणूस श्रावणात धरणावर मासे आणायला का जातो, यावर हॉटेलात पुष्कळ चर्चा झाली आणि शेवटी म्हातारपणी माणूस बिघडतो यावर सगळ्यांचं एकमत झालं. साडूंनी ते मान्य केलं. जावई खेळायचे थांबले, पण त्यांचं नाव दर रविवारी पाटीवर राहिलं, रेघेच्या खाली, सगळ्यांत पहिलं. आणि आता ते हॉटेलात येऊन आधी तेच वाचायचे, मग चहा बशीत ओतायचे. दसऱ्याला खुर्ची गार्डसाहेबांकडंच राहिली. साडूंचा हात तिच्यापर्यंत इतका जवळ परत कधी पोचला नाही.

मग मोठी लाईन, म्हणजे ब्रॉडगेज, येणार असं ठरलं. कोळशाची इंजिनं जायला लागली, शेडमधली माणसं कुठं कुठं पांगली. फुटबॉल आधी आठवड्याआड झाला, मग झालाच नाही. गार्डसाहेब वारले. शेषरावनं पाटीवर परत भज्यांचा भाव लिहायला घेतला आणि एके दिवशी ती खुर्ची उचलून साडूंच्या पुढं ठेवली, आता तुमीच बसा म्हणाला. साडू तिच्याकडं बघून फळीवर जाऊन बसले. जिंकल्याशिवाय बसायचं नसतं, म्हणाले. नामांतर झालं त्याच सुमाराला जावयाची बदली झाली, लांब, आंध्रात. सुमन दोन पोरांना घेऊन निघाली तेव्हा आम्ही सगळे स्टेशनवर गेलो होतो. अक्का खिडकीला धरून रडत होती, पोरं आत जागेसाठी भांडत होती. आता रोज संध्याकाळी पुलावरून कुणी येणार नव्हतं. साडू खिडकीकडं आले नाहीत. ते डब्याच्या दारापाशी, पायरीसमोर उभे होते.

जावई सगळं सामान चढवून शेवटी सासऱ्याच्या पाया पडले आणि डब्यात चढले. गाडी हलली. सुमनचा हात दिसेनासा होईपर्यंत आम्ही उभे राहिलो. मग साडूंनी माझा दंड घट्ट धरला. चेहऱ्यावर एवढा आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. “पावणं, बघितलंव का? डावा पाय आधी टाकला.” मी बघितलं नव्हतं. बघितलं म्हणालो. प्लॅटफॉर्म रिकामा झाला, अक्का डोळे पुसत पुढं निघाली. साडू अजून रुळांकडं बघत होते. मग सगळा विचार करून, सावकाश, ते म्हणाले, “येत्या ऐतवारी घेऊ त्यांला.”